पोटातला राखणदार

वयनी, आधी माफी मागते. माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीत गुरुजी म्हणायचे, मुंग्या शाईत बुडवून पाटीवर सोडल्यासारखं लिहितेस. त्यात हा कागद वाण्याकडच्या पुड्याचा आहे, मध्ये तेलाचा डाग आहे, तिथे शाई धरत नाही. तुला अक्षरओळख नव्हती, तेव्हा तू चुका काढणार नाहीस हे मला कळतं. तरी मागते. भावोजींना मुंबईला तुझी पत्रं मीच लिहायची. लिहून झालं की तू कागद हातात घ्यायचीस, उलटासुलटा करून बघायचीस आणि म्हणायचीस, "बरा दिसता गो. पन माझो आवाज खंय आसा ह्येच्यात?"

तुझं तेरावं होऊन गेलं. आपण दोघी जावा, तू थोरली, मी धाकटी, पण मला घराचा आवाज म्हणजे तुझाच आवाज माहीत. आता घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. आमचे हे बागेतून येतात, जेवतात, ओटीवर बसतात. मुलं अजून कधीतरी परसाकडे तोंड करून "काकी" म्हणून हाक मारतात आणि मग माझ्याकडे बघतात. तुला मूल नव्हतं. माझी दोन्ही तुझ्याच मांडीवर वाढली, आणि तू त्याचं कधी बोलून दाखवलं नाहीस.

मी लग्न होऊन आले त्या दिवसाची आठवण काढते. बायकांची पंगत बसली होती. माझ्या पानावर भात घालायचा राहिला आणि मी नुसती मिठाकडे बघत बसले. तू वाढायला होतीस. लांबूनच म्हणालीस, "अगो, हिका भात घाला. ही मरात, पन मागूची नाय." सगळ्या हसल्या. मी खाली मान घालून रडले आणि रडता रडता दोनदा भात घेतला. तेव्हापासून तू मला मुकी म्हणायला लागलीस. विहिरीवर, रेशनच्या दुकानात, माझ्या माहेरून कुणी आलं तर त्यांच्यापुढेसुद्धा, माझ्या वाटचं बोलायचं ते तूच बोलायचीस. "मुकीक साखर कमी दिलास. माप परत घाला." मी मागे उभी राहून तुझ्या पदराचा काठ बघायची.

म्हणून तुझं दुखणं मला आधी कळलं. बोलणाऱ्या माणसाकडे सगळे बघतात आणि त्याचं बोलणं ऐकतात. न बोलणारं माणूस बाकीचं बघतं. गोवा सुटला त्या वर्षीच्या पावसात तू सारखी परसाकडे जायला लागलीस. तांब्या माडाच्या बुंध्याशीच ठेवून द्यायचीस. विचारलं तर म्हणालीस, मूळव्याध आहे. पण पाणी मी काढत होते आणि तुझी लुगडी मी धूत होते. मला रक्त दिसलं. नुसतं रक्त नव्हतं, शेंबडासारखंही काहीतरी होतं. तुझ्यासाठी जास्तीची कळशी भरून मागच्या दाराला ठेवायला लागले. काही दिवसांनी तू त्या कळशीजवळ थांबलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "कळला मगे तुका." मी मान हलवली. "सांगू नको खंय. दिसभर मी त्या माडाखाली. थंयच्या देवचाराक, माडावरच्या भुताक, वाटत आसतला, ही माझीच बायल."

त्या दुखण्यातही तू मला हसवलंस, वयनी. कळशी माझ्या हातातून सांडली.

वैद्याने कुड्याची साल दिली. ताक-भात झाला. आठवडाभर बरं वाटायचं आणि परत सुरू. तुझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पुढच्या चतुर्थीला भावोजी मुंबईहून आले, दारात तुला बघितलं आणि पिशवी खाली ठेवायची विसरले. त्यांनीच सरूमावशीकडे शब्द टाकला. सरूमावशी सुक्या मासळीचा धंदा करायची, विधवा बाई, कुणापुढे वाकलेली नाही. तिने कागद न करता, व्याज न लावता पैसे काढून दिले. आगबोटीची तिकिटं, दवाखाना, औषधं, सगळं त्यातून झालं. तू एकच अट घातलीस, "मुकीक घेतल्याशिवाय मी जावचंय नाय."

बंदरातून पडावात आणि पडावातून आगबोटीवर चढताना तुला धरून नेलं. वरच्या कठड्याशी गर्दी होती. तुला मध्येच परसाकडची लागली आणि वाट मिळेना. मी गोधडी उघडून तुझ्याभोवती धरली आणि लोकांकडे पाठ करून उभी राहिले. एक पुरुष पुढे सरकला तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे गेला. तू गोधडीच्या आतून म्हणालीस, "कोणाक खाल्लंस गो?" माझ्या आयुष्यात मी कुणाकडे तसं बघितलं नव्हतं.

दवाखान्यातली ती डॉक्टरीण तुला आवडली होती. तरुण, चष्मा लावणारी, पुण्याकडची. तुझ्या आतड्यातला तांदळाएवढा तुकडा काढून तिने तपासायला घेतला होता. मग तुझ्या खाटेवर बसून तिने आपल्याला सगळं समजावलं. ती म्हणाली, "माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. शरीराचे पहारेकरीच म्हणा. बाहेरून जंतू आला, काटा बोचला, की त्या धावून जातात आणि त्याला संपवतात. तुमच्या आतड्यात आम्ही जंतू शोधला, सापडला नाही. तरी या पेशी तिथे जमल्या आहेत. त्या तुमच्याच आतड्याची आतली साल खरवडतायत. तिथे व्रण झालेत, म्हणून रक्त पडतं."

"पन कित्याक? मी त्यांचा काय घोडा मारलंय?"

"ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. आपलं काय आणि परकं काय यात त्यांची चूक होते, असं काही डॉक्टर म्हणतात. काहींना ते पटत नाही."

तू बोटाने पोट दाबून बघितलंस. मग म्हणालीस, "म्हणजे राखणदार."

तिला कळलं नाही. तेव्हा तू उठून बसलीस आणि तिला शिकवल्यासारखं सांगितलंस. "आमच्याकडे दर बागेक, दर घराक एक राखणदार आसता. डोळ्यांक दिसना नाय. चोराक अडवता, सापाक अडवता. वर्सातून एकदा तेका राखण देवची लागता, कोंबो, भात, नारळ. तेचो मान चुकलो, काय तो घरच्याच माणसाक धरता."

डॉक्टरीण हसली नाही. तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "हो. तसंच काहीसं." मला वाटतं, दिवसभर तेच तेच सांगून ती दमली असेल, आणि कुणाला तरी कळलं याचं तिला बरं वाटलं.

दारातून दिसणाऱ्या, बारीक ते मोठं करून दाखवणाऱ्या यंत्राकडे मी बघत होते हे तिच्या लक्षात आलं असावं. तिने मला शेजारच्या खोलीत नेलं, म्हणाली, एक डोळा मिटा आणि इथे लावा. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग ते दिसलं. गुलाबी जागा, तिच्यात उभ्या विहिरींसारखे खड्डे, आणि त्या विहिरींत, काठांवर, सगळीकडे जांभळे ठिपके. करवंदांची पाटी उपडी झाल्यासारखे. "इथे एखाददुसरी असायला हवी," ती म्हणाली, "आणि बघा किती गर्दी आहे." मी परत येऊन तुला सांगितलं. तू लगेच पकडलंस, "पांढऱ्यो म्हणता आणि जांभळ्यो दिसतत? मगे तिका इचारलंस नाय?" मी विचारलं नव्हतं. तू दुसऱ्या दिवशी विचारलंस. नीट दिसाव्यात म्हणून त्यांना रंग देतात.

तुझं तोंड, हात, केस सगळ्या गावाने बघितले. तुझ्या पोटातलं मी बघितलं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

गोळ्या दिल्या तेव्हा तिने माझ्याकडे बघून सांगितलं, कारण मी शिकलेली. या गोळ्या पहारेकऱ्यांना शांत करतात. म्हणून जखम जपायची, ताप आला तर लगेच दाखवायचं. आणि एकदम बंद करायच्या नाहीत, काहीही झालं तरी. आम्ही सांगू तशा हळूहळू कमी करायच्या. मी पाढे पाठ करतात तसं ते पाठ केलं.

परत आलो आणि तू भरलीस. चेहरा चंद्रासारखा गोल झाला. विहिरीवर बायका म्हणाल्या, मुंबईचं पाणी मानवलं. तू म्हणालीस, "पाणी खंयचा, गोळ्येचो फुगो आसा ह्यो. टाचणी लावलास तर फुस होतला." त्या हिवाळ्यात तू परत सगळ्या वाडीशी बोललीस. बाजारातून बांगडे आणलेस आणि वाटणात मिरच्या घालायच्या नाहीत म्हणून मासळीलाच शिव्या दिल्यास. मागच्या दाराची कळशी भरलेली तशीच राहायची. मी ती संध्याकाळी अबोलीला घालायची. मला इतकं बरं परत कधी वाटेल असं वाटत नाही.

मग शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा तुझ्या बोटात गेला. आपल्याला कितीदा जातो, दोन दिवसांत विसरतो. तुझं बोट चिघळलं, हात कोपरापर्यंत सुजला, बरं व्हायला महिना गेला. डॉक्टरणीने सांगितलं होतं तसंच झालं. पण तू त्यातून वेगळंच काढलंस. "बघलंस? राखणदाराक निजवल्यानी. आता काट्याक कोण अडवतला?"

शिमगा झाल्यावर बागेत राखण द्यायची वेळ आली. ते काम पुरुषांचं. आपण जायचं नाही, तिथे शिजवलेलं घरात आणायचं नाही. तू आमच्या ह्यांना सांगितलंस, या वेळी आणखी एक कोंबडा घ्या आणि माझ्या पोटासाठी गाऱ्हाणं घाला. ह्यांनी घातलं. मागच्या दारात उभं राहून आपण दोघींनी ऐकलं. ह्यांचा आवाज बारीक आहे, पण त्या दिवशी माडांतून स्वच्छ येत होता. "बा म्हाराजा, जो कोण राखणदार हिच्या पोटात उभो रवलो आसात, तेचो मान आज तेका दिलो. आता तेणी घरच्या माणसाक त्रास देव नये, भायरच्याक सोडू नये." आणि बाकीचे म्हणाले, "व्हय म्हाराजा." तू हात जोडलेस. तुझा सुजून उतरलेला हात मला दिसत होता. मीही जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गोळी घेतली नाहीस. मी पाण्याचा पेला पुढे केला. तू म्हणालीस, "मान दिलो तेका. आता परत निजवूचा म्हणजे जेवूक बोलवन दार लावल्यासारख्या. तो आनी चिडात."

त्याच दुपारी तू मला कागद घ्यायला लावलास. भावोजी पाऊस लागायच्या आत, शेवटच्या आगबोटीने, गोळ्या पाठवणार होते.

"लिव. मी बरी आसय. गोळ्यो धाडू नकात. त्या पैशांनी सरूमावशीचा फेडा."

मी टाक खाली ठेवला. "मी लिवचंय नाय."

"काय म्हटलंस?"

"लिवचंय नाय. डाक्टरणीन सांगलला, एकदम बंद करूच्यो नाय."

"डाक्टरणीक राखणदार काय ठावक? मीच सांगलंय तिका."

"तू तिका नाव सांगलंस. काम तिका ठावक."

तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग हसलीस. "अगो बाये, हिका तोंड आसा."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "बागेतलो राखणदार ऐकता. पोटातल्याक कान खंय आसत? मी बघलंय त्यांका. ठिपके आसत ते, वयनी. त्यांका कोंबो दिसाक नाय. त्यांका गाऱ्हाणा ऐकाक येवक नाय."

"मगे तुझ्या घोवान घातलला गाऱ्हाणा फुकट?"

ते फुकट असं मला म्हणवेना, कारण मीही हात जोडले होते. आपलं भांडण तिथेच थांबलं आणि अजून तिथेच आहे. तू पोस्टमनला ओटीवर बसवून चहा दिलास आणि त्याच्याकडून ते पत्र लिहून घेतलंस. ते वाचताना भावोजींना वाटलं असेल, धाकटीचा हात दुखत असेल.

मी तुझ्याशी तीन-चार दिवस बोलले नाही. तुला ते कळायलाही वेळ लागला. मी एरवीही कुठे बोलते?

ज्येष्ठ लागला, आगबोटी बंद झाल्या आणि मागच्या दाराची कळशी परत रिकामी व्हायला लागली. या वेळी अंगात ताप होता, सांधे धरले होते, उठून उभी राहिलीस की तुला घेरी यायची. बाटलीत राहिलेल्या गोळ्या मी चुरून पेजेतून दिल्या, त्या उलटून पडल्या. मी माझ्या मनाने भावोजींना पत्र लिहिलं, पहिल्यांदाच माझं स्वतःचं. डोलीत घालून तुला मालवणला डॉक्टरकडे नेलं. त्याने सलाईनची बाटली लावली, म्हणाला, रक्त चढवायला हवं, ते इथे होत नाही, कोल्हापूरला न्या. वाटेतल्या नदीला पूर होता. एसटी बंद होती. तू म्हणालीस, घरी चला.

शेवटी तुझा आवाज इतका बारीक झाला की मला वाकून कान लावावा लागायचा. एका दुपारी म्हणालीस, "मुके, आता तू बोल. माका बोलवना नाय." काय बोलू, म्हणून मी विचारलं. तू म्हणालीस, "ता सांग. काचेखालचा." मग मी परत सांगितलं. गुलाबी जागा, विहिरी, करवंदं. तू डोळे मिटून ऐकलंस.

"बरी दिसत होती?"

"बरी दिसत होती."

"मगे त्यांचो तरी काय दोष," तू म्हणालीस. "त्यांका राखूचाच येता. दुसरा काय करतले?"

त्यानंतर तू पाणी मागितलंस आणि मी दिलं. बोलणं असं ते शेवटचं.

भावोजी घाटातून, मिळेल त्या गाडीने, गोळ्यांची नवी बाटली घेऊन पोचले तेव्हा तुझी राख सावडून झाली होती. बाटली त्यांनी माझ्या हातात दिली आणि भिंतीला टेकून बसले. ते डॉक्टरणीला भेटून आले होते. ती म्हणाली होती, ताबडतोब सुरू करा. भावोजींनी विचारलं होतं, बंद केल्यामुळेच झालं का? ती म्हणाली होती, एकदम बंद करणं वाईटच, पण काहींना गोळ्या चालू असतानाही असं उलटतं, नक्की सांगता येत नाही. म्हणजे आपल्या भांडणाचा निकाल तिच्याकडेही नाही. मला तो हवा होता, वयनी. मी बरोबर होते असं कुणीतरी म्हणावं असं मला वाटत होतं, आणि कुणी म्हटलं असतं तर मी ते ऐकून काय केलं असतं, कुणास ठाऊक.

गेल्या आठवड्यात आडाळ्यावर नारळ खवताना माझा अंगठा कापला. रात्री तो ठणकायला लागला, लाल झाला, गरम झाला. सकाळी थोडा पू आला आणि मग जखम आपोआप मिटत गेली. मी कामं टाकून त्याच्याकडे बघत बसले. माझे राखणदार आले होते आणि आपलं काम करून गेले होते, काही न मागता. मला त्यांचा राग आला. तुझ्या पोटातले असे का वागले नाहीत म्हणून मी अंगठ्यालाच विचारलं. मोठ्याने. आमचे हे ओटीवरून म्हणाले, "कोणाशी बोलतंस गो?" मी म्हटलं, "वयनीशी." ते उठून बागेत गेले. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलते आहे, आणि आता हे लिहिते आहे.

एक विचारायचं राहिलं. गोळ्या तू राखणदारासाठी सोडल्यास, की तुला सरूमावशीच्या दारावरून जाताना मान खाली घालावी लागायची म्हणून? तुला तसं जाताना मी बघितलं होतं. तू, जी कुणासमोर मान खाली घालत नव्हतीस. मी तेव्हाच विचारलं असतं तर तू थट्टा केली असतीस, पण थट्टेतून मला कळलं असतं.

काल भावोजी मुंबईला परत गेले. निघताना रुमालात बांधलेले पैसे त्यांनी माझ्याकडे दिले. म्हणाले, "तिच्या औषधासाठी बाजूक काढलले. सरूमावशीक नेऊन दी." ह्यांना न देता मला का दिले ते त्यांनी सांगितलं नाही.

आज सकाळी मी गेले. एकटीने कुणाच्या दारात जाऊन बोलायची मला सवय नाही. वाटेत दोनदा थांबले. सरूमावशी अंगणात सुकटं पसरत होती. हात धुऊन आली, मला पायरीवर बसवलं. मी रुमाल पुढे केला आणि म्हटलं, "मावशे, वयनीचे पैशे."

"घाई काय होती गो," ती म्हणाली. "तिका जावन महिनो होवक नाय."

"सगळे आसत. मोजून घी."

तिने मोजले. हळूहळू, ओठ हलवत. मग मला वाटलं ती परत मोजणार, पण तिने रुमालाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "इतके एकदम खंयसून इले?"

मी सांगितलं. वर्षभराच्या गोळ्यांचे होते. तेवढ्यात सगळं कर्ज फिटलं, तू पोस्टमनकडून लिहून घेतलं होतंस तसंच.